कमानपाट्यांचे जुने बुश

मागील डिसेंबरात संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताहून चोर्ला घाटाने परतताना आमच्या जुन्या अँबॅसडरच्या मागील अंगास प्रत्येक खड्ड्यागणिक ठक्-ठक् आवाज होऊ लागला. घरी येऊन वाकून पाहिले, तो कमानपाट्यांच्या टोकांतील रबरी बुश फाटून गेलेले! मॉरिस ऑक्सफर्डच्या नमुन्यावरील ही मोटार १९५७ साली निघू लागली व २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. तरीही ज्यांनी ती जपून ठेवली आहे, त्यांच्यासाठी चार शब्द लिहितो.

मागचा आस दोन कमानपाट्यांनी गाडीस बांधलेला असतो. पाट्याच्या दोन्ही टोकांस गोल डोळा असतो. पुढचा डोळा सांगाड्याला पिनेने जखडलेला, तर मागचा शॅकलवर झुलता. पिन व डोळा यांच्यामध्ये रबराचा बुश बसतो आणि रस्त्याचे धक्के निमूटपणे गिळतो. वयाने, उन्हाने व गळणाऱ्या तेलाने रबर निकामी होते. मग लोखंडावर लोखंड आपटते, आस जागचा हलतो, गाडी रस्त्यावर भरकटते आणि टायर वाकडेतिकडे झिजतात. पहारीने डोळ्याजवळ हलकेच रेटून पाहावे. पिन मध्यावरून सरकलेली दिसली की बुश संपला असे समजावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मागची चाके उचलली की हँडब्रेकचा उपयोग उरत नाही, कारण तो मागच्याच चाकांना धरतो. गिअरचेही तेच. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी अडसर लावावेत. सांगाड्याच्या मजबूत भागाखाली लोखंडी स्टँड द्यावेत. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कदापि शिरू नये. चिरे किंवा विटाही रचू नयेत, त्या भाराने अचानक फुटतात. कामापूर्वी क्रूसाची खूण अवश्य करावी. परंतु देवावरील श्रद्धा ही निष्काळजीपणाची सबब नव्हे. घरी आपली वाट पाहणारी मुलेबाळे आहेत.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल सोडावे. दुसरा जॅक आसाखाली लावून पाट्यावरील ताण नाहीसा होईल इतपतच आस उचलावा, म्हणजे पिन सहज निघते. एका वेळी एकच बाजू सोडावी; दुसरी बाजू नमुन्यास समोर राहते. काही बुश दोन अर्ध्या तुकड्यांचे असतात, ते हातानेच निघतात. नळीसह घट्ट बसलेला बुश मात्र हातोड्याने ठोकू नये. लांब बोल्ट, जाड वॉशर आणि डोळ्यापेक्षा रुंद नळीचा तुकडा घेऊन नट फिरवीत तो ओढून काढावा. रबर जाळून काढण्याची युक्ती टाळावी. धूर विषारी असतो आणि पोलादाचा कसही बिघडतो.

डोळा पॉलिश पेपरने स्वच्छ करावा. पिनेवर खाच पडली असल्यास पिनही बदलावी. नवा बुश साबणाच्या पाण्याने बसवावा. ग्रीस किंवा इंजिनचे तेल लावू नये, कारण त्याने रबर फुगून कुजते.

येथे पुष्कळ जण चुकतात. गाडी अधांतरी असतानाच ते नट पक्के आवळतात. मग गाडी खाली येऊन पाटा सपाट होताच जखडलेले रबर पिळले जाते व थोड्याच दिवसांत फाटते. म्हणून आरंभी नट बेताने लावावेत. चाके जमिनीवर टेकवावीत, गाडी पुढेमागे ढकलून स्थिर होऊ द्यावी, आणि तिचा सारा भार तिच्या स्वतःच्या पायांवर आल्यावरच नट पक्के करावेत. दोनतीनशे किलोमीटर धावल्यावर एकदा पुन्हा तपासावेत.

आमच्या गाडीचा आवाज आता थांबला आहे. त्या रबराच्या तुकड्याची वर्षानुवर्षे आम्हांस आठवणही नव्हती; तो फाटला तेव्हाच झाली. प्रत्येक कुटुंबातही असे कोणी तरी असते, जे सर्वांचे धक्के स्वतःवर घेते आणि कुरकुर करीत नाही. त्याची विचारपूस मात्र आवाज होण्यापूर्वीच करावी.