भाडेकरूसकट तयार जागा : किती पदरात, किती सरकारात?

निवृत्तीची रक्कम हाती आली की सिंगापुरातील आपल्या मंडळींना जागेची ओढ लागते. त्यातून ती भाडेकरूसकट तयार असली तर विचारायलाच नको! रंगरंगोटी नको, माणूस शोधणे नको, पहिल्या महिन्यापासून भाडे सुरू. हा हिशेब खोटा नाही, अपुरा आहे.

राहते घर असताना दुसरे घेणाऱ्या नागरिकाला एप्रिल २०२३ पासून २० टक्के जादा मुद्रांक शुल्क पडते. पंधरा लाख डॉलरचे घर धरा. जादा शुल्क ३ लाख, नेहमीचे ४४,६००. महिना ४,५०० भाडे मिळाले असे मानले, तरी नुसते शुल्क भरून निघायला सहा वर्षांहून अधिक काळ लागतो. कर्जाचे व्याज, देखभाल आणि प्रॉपर्टी टॅक्स वेगळेच. शिवाय जुलै २०२५ पासून घेतलेले घर चार वर्षांच्या आत विकले तर विकणाऱ्यालाही शुल्क आहे, पहिल्या वर्षी तब्बल १६ टक्के.

मग नजर वळते रॅफल्स प्लेसकडे. १८५८ पर्यंत 'कमर्शियल स्क्वेअर' म्हणवणाऱ्या या पेठेच्या आसपास ऑफिसचे लहान गाळे सुटे विकत मिळतात. त्यांना जादा शुल्क नाही. मात्र सीपीएफचा पैसा तेथे चालत नाही, आणि विकणारा जीएसटीत नोंदलेला असेल तर सर्वसाधारणपणे ९ टक्के वर द्यावे लागतात. एकच भाडेकरू असलेला गाळा रिकामा झाला की उत्पन्न शून्य, हप्ता मात्र चालूच. ज्याची सारी पुंजी एवढीच, त्याने या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. कर्जाविना घेऊ शकणाऱ्याची गोष्ट निराळी.

घर असो वा गाळा, 'तयार' म्हणजे नेमके काय, ते करारात पाहावे. मुदतीचे किती महिने उरले? परदेशी भाडेकरूच्या दोन वर्षांच्या घरभाडे करारात बहुधा 'डिप्लोमॅटिक क्लॉज' असतो. बदली झाली किंवा नोकरी गेली तर वर्षानंतर दोन महिन्यांच्या नोटिशीवर तो निघून जाऊ शकतो. भाडे शेजारच्या जागांपेक्षा चढे असेल, किंवा विकणाऱ्यानेच त्याची हमी घेतली असेल, तर आपलेच पैसे किमतीत भरून महिन्या-महिन्याने परत घेत नाही ना, हे तपासावे. करारावर मुद्रांक भरल्याचा दाखला मागावा, मागच्या वर्षभराच्या भाड्याच्या बँकनोंदी पाहाव्यात, आणि भाडेकरूची अनामत व्यवहाराच्या दिवशीच आपल्याकडे वळती करून घ्यावी. जाताना तो ती नव्या मालकाकडेच मागणार आहे.