इंजिन गेलं नव्हतं, बॉस!

महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याहून गोंदिया. दिवाळीची सुट्टी, पाठीवर लॅपटॉपची सॅक... आणि स्टेशनबाहेर बाबा, त्यांच्या १९९८ च्या मारुती ८०० सकट. दार उघडलं आणि आधी नाकात शिरला पेट्रोलचा वास! आमचं सालेकसा तिथून चाळीसेक किलोमीटर. आमगाव येईपर्यंत गाडी दोनदा बंद पडली. ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर, वेग कमी केला की इंजिन आचके देणार. एके काळी लिटरला अठरा देणारी गाडी दहावर आली होती.

घरी आईनं हळूच सांगितलं, "गेल्या महिन्यात बीपीच्या तपासणीला गोंदियाला गेलोच नाही रे. रस्त्यात बंद पडली तर?"

बस्स. माझ्यातला कॉर्पोरेट मॅनेजर जागा झाला. गाडी विका, नवीन घ्या, ईएमआय मी भरतो! पीयूसीत गाडी नापास झालेलीच होती आणि एका गॅरेजवाल्यानं 'इंजिन गेलं, कार्ब्युरेटरही बदला' असं सांगून ठेवलं होतं. बाबा काहीच बोलले नाहीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतली अख्खी नोकरी त्यांनी या गाडीसोबत काढलीय. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन ते गावातल्या जुन्या मिस्त्रींकडे गेले.

मिस्त्रींनी पाना उचललाच नाही. आधी प्रश्न विचारला, "गुरुजी, सकाळी कशी सुरू होते जी?"

"पहिल्या झटक्यात."

"आन् गरम झाल्यावर?"

"मग त्रास देते."

मिस्त्री हसले. "मंग इंजिन नाही गेलं. पेट्रोल जास्त खाऊन राह्यली. हवाच नाही भेटून राह्यली तिले."

आता थोडा सायन्सचा तास. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा कमी आणि पेट्रोल जास्त झालं की मेकॅनिकच्या भाषेत मिश्रण 'रिच' झालं. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरू करताना रिच मिश्रण लागतंच. जुन्या गाड्यांत आपण चोक ओढायचो तो त्यासाठीच. चोक म्हणजे हवेच्या वाटेवरची झडप. पण इंजिन गरम झाल्यावरही मिश्रण रिचच राहिलं, तर ते गुदमरतं. म्हणूनच सकाळी शहाणी आणि गरम झाली की हट्टी, ही रिच गाडीची ओळख. मिश्रण 'लीन', म्हणजे पेट्रोल कमी असेल, तर बहुतेक वेळा उलटं होतं. गाडी सकाळीच रुसते.

मग मिस्त्रींनी फुकटातली टेस्ट केली. गरम इंजिन चालू ठेवून चोकची मूठ किंचित ओढली. गाडी सुधारली असती तर मिश्रण लीन. आमची लगेच आणखी गुदमरली. म्हणजे आधीच रिच!

पुढचा नंबर प्लगचा. ८०० ला तीन सिलिंडर, म्हणून तीन प्लग. तिन्ही काढले, तर तिन्हींवर कोरडी काळी काजळी. एकच काळा असता तर त्या एका सिलिंडरमध्ये घोळ, बहुधा स्पार्कचा. तिन्ही सारखेच काळे म्हणजे दोष तिघांच्या सामायिक वाटेवर, हवा किंवा कार्ब्युरेटरकडे. धुराचा रंगही हेच सांगत होता. काळा धूर पेट्रोलचा. निळा असता तर ऑइल जळतंय, आणि मग मात्र इंजिनाच्या खर्चाची धास्ती घ्यायची!

"पण आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं ना, त्यानं तर नसेल?" मी माझं ज्ञान पाजळलं. नंतर विचार केला तर उत्तर उलटंच निघालं. इथेनॉल स्वतःबरोबर ऑक्सिजन आणतं, त्यामुळे जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत ई-२० नं मिश्रण थोडं लीनकडेच झुकतं. मायलेज त्यानं जरा घटतं, पण प्लग काळे होत नाहीत.

आता एअर फिल्टरचं झाकण निघालं. फिल्टर धुळीनं माखलेला, तो एक गुन्हेगार. खरा गंमतीचा भाग त्याच्याखाली होता. डॅशबोर्डवर चोकची मूठ पूर्ण आत होती, पण कार्ब्युरेटरमधली झडप अर्धी बंदच! वर्षानुवर्षं तेलाचा थेंब न पाहिलेली केबल अडकली होती. आत बसून बाबांना वाटायचं चोक बंद केला, आणि बाहेर तो चालूच.

केबल मोकळी केली, फिल्टर नवा टाकला, प्लग साफ केले. कुणीतरी मधे पिळून ठेवलेला मिक्श्चरचा स्क्रू मिस्त्रींनी कानानं ऐकत जागेवर आणला. एवढ्यावर भागलं नसतं तर पुढचा संशय फ्लोटच्या सुईवर होता. ती नीट बसली नाही की पेट्रोल वाहतच राहतं आणि गाडी 'ओव्हर' होते. शेवटी ऑइलची डिपस्टिक काढून वास घेतला. न जळलेलं पेट्रोल खाली उतरून ऑइल पातळ करतं आणि मग खरोखरच इंजिन जातं. वास होता, म्हणून ऑइलही बदललं. कार्ब्युरेटर तोच राहिला.

पीयूसीवाल्याकडे आधी कार्बन मोनॉक्साइड पाच टक्क्यांच्या वर गेला होता. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल कारला मर्यादा ३ टक्के. आता दोनच्या खाली! दोस्तहो, पीयूसीची ती चिठ्ठी नुसती ग्लोव्ह बॉक्समध्ये कोंबू नका. मिश्रणाचा तो सगळ्यात स्वस्त रिपोर्ट आहे. आणि हा वायू थट्टेचा नाही. त्याला ना रंग, ना वास. बाबा थंडीत शटर लावलेल्या पोर्चमध्ये गाडी पाच मिनिटं गरम करायचे, हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ते आता बंद. गाडी कुठलीही असो, बंद जागेत सुरू ठेवायची नाही.

तुमची गाडी एमपीएफआय असेल तर?

तिथं चोकची मूठ नसते, पण रोग तोच होऊ शकतो. कूलंटचा टेम्परेचर सेन्सर बिघडून 'इंजिन गारच आहे' असं सांगत राहिला, तर ईसीयू पेट्रोल वाढवत राहतो. एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर हेही संशयित. स्कॅनरवर पी०१७२ कोड आला तर त्याचा अर्थ 'मिश्रण रिच', 'सेन्सर बदला' नव्हे! कारण शोधल्याशिवाय पार्ट घेऊ नका. पण रेंगाळूही नका, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जाळतं, आणि त्याचं बिल बघून तुम्हीच गुदमराल.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आईची तपासणी झाली, गोंदियाला जाऊन-येऊन, एकदाही बंद न पडता. येताना बाबांनी गाडी मुद्दाम पुढं काढली, दरेकसाच्या बाजूला हाजरा धबधब्याकडे. चढावर मी आरशात पाहिलं. धूर नव्हता.

"ईएमआय किती म्हणालास?" बाबांनी विचारलं.

मी खिडकीबाहेर बघत राहिलो.