पाळी लांबली म्हणजे संपली नव्हे

आमच्या कनेरगाव नाक्याकडे चाळिशी ओलांडलेल्या बायका पाळीबद्दल दोनच शब्द वापरतात, ‘आहे’ किंवा ‘गेली’. मधल्या चार-पाच वर्षांचं नाव कुणी घेत नाही आणि सगळा घोटाळा त्याच वर्षांत होतो.

मराठीत रजोनिवृत्ती म्हणतात, म्हणजे नोकरीतून रिटायर व्हावं तसं. उर्दूत ‘सिन-ए-यास’, म्हणजे नाउमेदीचं वय. दोन्ही भाषा शिकवत असूनही मला यातला एकही शब्द आवडत नाही. कारण हे एका दिवसात घडत नाही. मुलगी जन्माला येते तेव्हा तिच्या अंडाशयांत दहा ते वीस लाख बीजं असतात, नंतर नवीन तयार होत नाहीत. वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि दर्जा दोन्ही झपाट्याने उतरतात. भारतात साधारण ४६-४७ व्या वर्षी पाळी थांबते. त्याआधी एखाद्या महिन्यात बीज सुटतं, एखाद्यात नाही. म्हणजे मूल राहण्याची शक्यता कमी होते, संपत नाही. सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच ती गेली म्हणायची. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर डॉक्टर त्यानंतरही दोन वर्षं काळजी घ्यायला सांगतात. सून बाळंतपणाला आलेली आणि सासूलाही दिवस गेलेले, यात हसण्यासारखं काही नाही. चाळिशीनंतरच्या गरोदरपणात बीपी, शुगर, गर्भपात यांचा धोका जास्त असतो. लाजेपायी ती बाई दवाखान्यात उशिरा जाते.

आपल्या घरांत हा प्रश्न इद्दतीलाही भिडतो. तलाकनंतर हैज येणाऱ्या बाईची इद्दत तीन हैज, हैज थांबलेल्या बाईची तीन महिने, गरोदर बाईची बाळंतपणापर्यंत. हा फरक कुरआनातच आहे. मग ४४ वर्षांच्या बाईची पाळी दोन महिने आली नाही, की घरातल्यांनी परस्पर ‘तिचं वय झालं’ ठरवून दिवस मोजायचे? कोणत्या वयापासून ‘यास’ मानायचं ते आलिमांना विचारा, पण आधी मेडिकलमधून गरोदरपणाची पट्टी आणा.

आणि दुसरं टोक आपल्या मराठवाड्यातच आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. पाळीत खाडा पडला की मजुरी बुडते, अंगावरून जातं, वर कॅन्सरची भीती. तिशी-पस्तिशीतल्या बायाही ‘कटकट मिटली’ म्हणून टेबलावर झोपल्या. पिशवी गेली की मूल होणं त्याच दिवशी संपतं. सोबत अंडाशयही काढले तर रजोनिवृत्तीही त्याच दिवशी येते आणि हाडं ठिसूळ होणं, हृदयाचा त्रास हे सगळं वयाआधी दारात उभं राहतं. अंडाशय ठेवले तरी ते लवकर थकू शकतात. याला इलाज म्हणणं मला मान्य नाही. अनेकदा गोळ्यांनी किंवा साध्या उपचाराने भागतं.

तेव्हा आपा, खाला, वहिनी, कुणाला कुणी पिशवी काढायला सांगितली तर सही करण्याआधी तिने तीन गोष्टी विचाराव्यात. सोनोग्राफीत नेमकं काय निघालं? औषधाने चालणार नाही का? आणि अंडाशय ठेवणार की काढणार? उत्तर कागदावर लिहून घ्यावं आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं.