निमंत्रण सर्वांस, वाट थोड्यांस

देशाटनानें मनुष्याचें शहाणपण वाढतें, हें आपल्या लोकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु ज्याच्या बापाच्या गांठीस पैसा असेल त्याच्याच मुलानें तें शहाणपण मिळवावें, असा नियम कोणत्या शास्त्रांत आहे, हें आम्हांस अद्याप कोणीं दाखविलेलें नाहीं. निरनिराळ्या देशांतील तरुणांनीं एकमेकांकडे जाऊन राहावें, ह्या हेतूनें ज्या योजना आज चालू आहेत त्यांकडे पाहिलें म्हणजे मात्र असा अलिखित नियम आहे कीं काय, अशी शंका येऊं लागते.

ह्या योजना म्हणजे केवळ सहली, असें कोणीं समजूं नये. फ्रान्स व जर्मनी यांचीं १८७० ते १९४५ या पाऊणशें वर्षांत तीन घोर युद्धें झालीं. १९६३ सालीं उभय राष्ट्रांनीं मैत्रीचा तह केला, व त्याच वर्षीं दोन्हीकडील तरुणांची ये-जा घडवून आणण्यासाठीं एक संयुक्त कचेरी काढली. तिच्या कार्यक्रमांत आजवर ९० लाखांहून अधिक तरुणांनीं भाग घेतला आहे. पुढें १९८७ सालीं यूरोपांत विद्यार्थ्यांसाठीं ‘इरॅस्मस’ योजना निघाली. जेथें बाप एकमेकांवर तोफा डागीत होते, तेथें मुलें एका बाकावर बसूं लागलीं, हा लाभ लहान नव्हे.

आतां आमच्याकडील स्थिति पाहावी. रोटरी क्लबांच्या देवघेवीच्या योजनेंत शाळकरी वयाचीं मुलें परदेशांतील कुटुंबांत सालभरापर्यंत राहतात. राहण्याजेवण्याचा व शाळेचा भार यजमान उचलतात. ही व्यवस्था उदार आहे यांत संशय नाहीं. परंतु विमानाचें भाडें, विमा, पासपोर्ट व व्हिसा यांचा खर्च मुलाच्या घरच्यांवर पडतो. यूरोपांतील शेंगेन देशांत जाणाऱ्या प्रौढास जून २०२४ पासून नुसत्या व्हिसासाठीं ९० युरो द्यावे लागतात. निदान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा दाखवावा लागतो. आणि एकंदर खर्च कोण सोसणार, याचा पुरावाही द्यावा लागतो. बाजारांत पोतीं वाहणाऱ्या हमालाच्या मुलीस परदेशीं जेवण फुकट मिळेल. पण त्या ताटापर्यंत तिनें पोंचावें कसें?

पैसा ही एकच अडचण असती तर ती वर्गणीनेंही भागली असती. परंतु अशा योजनांची वार्ता बहुधा सुस्थित घरांतून व इंग्रजी शाळांतून फिरते. नगरपालिकेच्या शाळेंत ती पोंचलीच तर मुदत संपल्यावर. शिवाय कित्येक ठिकाणीं परदेशी पाहुण्यास आपल्या घरीं ठेवून घ्यावें, अशी अपेक्षा असते. एका खोलींत सहा माणसें राहतात त्या कुटुंबानें ती कशी पुरवावी? म्हणजे निवड मुलाची होते असें म्हणावयाचें, आणि परीक्षा मात्र बापाच्या घराची घ्यावयाची!

कोणी म्हणतील, ‘आधीं पोटास अन्न, मग परदेश.’ १९१३ सालीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीं असाच हिशेब केला असता, तर दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ति देऊन भीमराव आंबेडकर यांस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पाठविलें नसतें. तें उच्च शिक्षण होतें, ही देवघेव आहे, हा भेद आम्ही जाणतों. परंतु गुण गरिबाच्या घरींही जन्मतो, रस्ता मात्र दुसऱ्या कोणीं तरी बांधावा लागतो, हें तत्त्व दोहोंस सारखेंच लागू आहे. आणि श्रीमंतांचींच मुलें श्रीमंतांच्या घरीं राहून आलीं, तर दोन राष्ट्रांची ओळख झाली असें कसें म्हणावें? दोन बंगल्यांची झाली, एवढेंच!

समान निमंत्रण म्हणजे समान संधि नव्हे, हें यूरोपानें ओळखलें आहे. इरॅस्मसखालीं जाणाऱ्या ज्या विद्यार्थ्यांस मुळांतच संधि कमी, त्यांस २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणें नेहमींच्या मदतीवर दरमहा २५० युरो अधिक मिळतात. आमच्याकडील संस्थांनींही तीन गोष्टी कराव्या. प्रत्येक तुकडींत कांहीं जागा नगरपालिका व जिल्हा परिषद यांच्या शाळांतील मुलांमुलींसाठीं राखाव्या. खर्चाचे पैसे मागाहून पावत्या पाहून न देतां आधींच हातीं द्यावे; कारण ज्याच्याजवळ आगाऊ पैसा नाहीं त्यास मागाहून मिळणारी मदत न मिळाल्यासारखीच. आणि पाहुण्यास ठेवून घेण्याचें ओझें एका घरावर न टाकतां तें सर्व गांवानें वांटून घ्यावें.

आमच्या व्यापारी बंधूंच्या वह्यांत धर्मादाय खातें पूर्वापार चालत आलें आहे. त्या खात्यांतून विहिरी झाल्या, धर्मशाळा झाल्या, वसतिगृहें झालीं. आतां त्यांतूनच, ज्या घरीं पासपोर्ट अद्याप कोणीं पाहिलाही नाहीं, अशा घरचें एक मूल दरसाल प्रत्येक पेठेनें जगाकडे पाठवावें. तें परत येईल तेव्हां काय घेऊन येईल, हें आज सांगतां येणार नाहीं. परंतु तें गेलेंच नाहीं, तर आपण काय गमावलें, हें कधींच कळणार नाहीं.