पाचट पेटवायचं आणि गांडूळ खत विकत आणायचं, हा हिशेब जुळतो कसा?

गळीत हंगाम संपत आला की संध्याकाळी रानोरान धूर दिसतो. ऊस तुटला, पाचट पेटवलं, रान मोकळं. पुढे महिन्याभरात त्याच रानाच्या बांधावर गांडूळ खताची पोती उतरतात. घरचं होतं ते जाळलं आणि तेच पैसे मोजून आणलं.

एकरी साधारण ३ ते ४ टन पाचट निघतं. त्यातलं नत्र जवळपास पाऊण पोतं युरियाएवढं भरतं, ते बहुतेक धुरात जातं. पण त्याहून मोठं नुकसान कर्बाचं आहे. सेंद्रिय कर्ब म्हणजे जमिनीतल्या जिवाणूंचं जेवण. माती परीक्षणात तो अर्ध्या टक्क्याच्या खाली आला, तर रान उपाशी आहे असं समजावं.

गांडुळाला दात नसतात. कोरडं पाचट ते खात नाही. आधी बुरशी आणि जिवाणू ते मऊ करतात, मग गांडूळ ते मातीसकट गिळतं. त्याच्या आतड्यातल्या ओलाव्याने झोपलेले जिवाणू जागे होतात. म्हणून त्याच्या विष्ठेत आजूबाजूच्या मातीपेक्षा जास्त जिवाणू सापडतात. त्याच्या बिळांतून हवा, पाणी खाली जातं ते वेगळंच.

खत करायला वापरतात ते आयसेनिया फेटिडा जातीचं गांडूळ कुजणाऱ्या ढिगात राहणारं. उघड्या, तापलेल्या रानात ते टिकत नाही. देशी गांडूळ मात्र ओल, सावली आणि खाणं मिळालं की आपोआप वर येतं.

शेतकरी हौसेने जाळत नाही. सरीत पाणी पुढे सरकत नाही, उंदीर लागतात, मजूर मिळत नाही. शिवाय पाचट ठेवलं तर खोडवा सुरुवातीला पिवळा पडतो, कारण कुजवणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढतात. त्यावर शिफारस आहे: एकरी ३२ किलो युरिया, ४० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत. पाचट एकाआड एक सरीत दाबलं की पाण्यालाही वाट राहते.

अडचण उरते कुट्टी यंत्राची. अर्ध्या एकरवाल्याला ते एकट्याने परवडत नाही, पाच-सहा जणांनी मिळून भाड्याने आणलं तर जमतं. यंदा निदान दहा गुंठे न जाळता ठेवून बघावेत. पावसाळ्यात जाळलेल्या आणि न जाळलेल्या रानात एकेक फावडं माती उकरून गांडुळं मोजावीत. मग कोणाला विचारायची गरज राहणार नाही.