राजाश्रयाचा हिशेब

व्याख्यानमाला असो की दिवाळी अंक, एक विधान हमखास भेटतं. युरोपातल्या राजांनी विज्ञानाला आश्रय दिला, दर्यावर्द्यांना जहाजं दिली, म्हणून तो खंड पुढे गेला. त्याला जोडून एक सुस्कारा येतो: आपल्याकडे असे राजे झाले असते तर! सुस्काऱ्याकडे शेवटी वळू. आधी विधान तपासू.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडण्यात काही मौज नाही, आणि इथे तो दुबळा नाहीच. स्पेनच्या राणीनं १४९२ मध्ये कोलंबसला पाठवलं. १५०३ मध्ये सेव्हिलला समुद्रव्यापाराची सरकारी कचेरी, 'कासा दे कोंत्रातासिओन', उभी राहिली. डेन्मार्कच्या दुसऱ्या फ्रेडरिकनं १५७६ मध्ये खगोलज्ञ ट्यूको ब्राहेला ह्वेन नावाचं अख्खं बेट दिलं. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सनं १६६२ मध्ये रॉयल सोसायटीला सनद दिली आणि १६७५ मध्ये ग्रिनिचला वेधशाळा बांधली. चौदाव्या लुईनं १६६६ मध्ये पॅरिसात विज्ञान अकादमी स्थापली. साक्षीदार तगडे आहेत.

त्यातला पहिला मात्र उलटतपासणीत लगेच फुटतो. इसाबेला राणीनं दागिने गहाण टाकले, ही मागाहून रचलेली कथा. पैशांची जुळवाजुळव केली ती लुईस दे सांतांखेल या दरबारी अंमलदारानं. शिवाय कोलंबसला आधी नकार मिळाला तो विद्वानांच्या समितीकडून, आणि बरोबर ती समितीच होती. पृथ्वी गोल की सपाट हा वादच नव्हता. वाद तिच्या आकाराचा होता. कोलंबसनं कॅनरी बेटांपासून जपानचं जे अंतर धरलं होतं, त्याच्या चौपटीहून खरं अंतर अधिक आहे. वाटेत अमेरिका आडवी आली नसती तर तिन्ही जहाजं उपासमारीनं संपली असती. राजसत्तेनं त्या दिवशी विज्ञानाला आश्रय दिला नाही, विज्ञानाचा सल्ला बाजूला सारून एक सट्टा लावला. सट्टा लागला.

ट्यूकोचा साक्षीदार फोडता येत नाही, फोडूही नये. दुर्बीण यायच्या आधीच्या त्या काळात ह्वेनवर वीस वर्षं रोज रात्री ग्रहताऱ्यांचे वेध घेतले गेले. बेटावर त्याचा छापखाना होता, कागदाची गिरणी होती आणि वेठबिगारीनं त्रासलेली कुळंही होती, ज्यांच्या तक्रारी राजापर्यंत गेल्या होत्या. इतका खर्च एखादा श्रीमंत व्यापारी करता ना. पण फ्रेडरिक १५८८ मध्ये वारला, त्याच्या मुलाचं आणि ट्यूकोचं बिनसलं, आणि १५९७ मध्ये ट्यूकोला वेधांच्या वह्या बांधून डेन्मार्क सोडावं लागलं. पुढे प्रागला सम्राट दुसरा रुडॉल्फ भेटला खरा, पण १६०१ मध्ये ट्यूकोच गेला.

त्या वह्या ट्यूकोचा सहायक केप्लर याच्या हाती आल्या त्या कुणा राजाच्या हुकमानं नव्हे. ट्यूकोचे वारस गाफील असताना आपण त्या ताब्यात घेतल्या, असं केप्लरनं नंतर स्वतःच लिहून ठेवलं आहे. मंगळाची कक्षा वर्तुळाकार धरून त्यानं गणित बसवलं, तेव्हा ट्यूकोच्या वेधांशी आठ कलांचा फरक राहिला. आठ कला म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव रुंदी. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, हातचूक असेल, पुढे चला. केप्लरनं ट्यूकोच्या वह्यांवर विश्वास ठेवला आणि स्वतःचं गणित टाकून दिलं. त्यातूनच लंबवर्तुळ निघालं, १६०९ मध्ये ग्रंथ निघाला. त्या आठ कलांचं श्रेय वाटायचं झालं तर ह्वेनच्या खर्चापुरता वाटा राजाचा आहे, तो मी देतो. बाकीचा कशाच्या जोरावर मागणार?

आणि पगाराचं काय? केप्लर 'शाही गणिती' होता. शाही खजिन्याकडे त्याची थकबाकी हजारो गुल्डेनांची. ग्रहसारण्यांना रुडॉल्फचं नाव आहे, पण त्या छापून निघाल्या १६२७ मध्ये, रुडॉल्फ जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, आणि छपाईचा बराचसा भार केप्लरनं स्वतः उचलला. मधे लिंझला शेतकऱ्यांच्या बंडाचा वेढा पडला, त्यात छापखाना जळाला, म्हणून काम उल्मला न्यावं लागलं. १६३० च्या नोव्हेंबरात केप्लर रेगेन्सबुर्गला वारला. येणी वसूल करायलाच तो घराबाहेर पडला होता.

तरी मध्य युरोपातला हा राजाश्रय मवाळच म्हणायचा. पैसे बुडवी, पण तोंड दाबत नसे. स्पेन आणि पोर्तुगालचा मामला वेगळा. तिथे ज्ञान ही राज्याची मालमत्ता होती, आणि मालमत्तेला कुलूप असतं. सेव्हिलच्या कचेरीत 'पाद्रोन रेआल' हा मूळ नकाशा ठेवलेला असे. परतलेल्या जहाजांवरून आलेली नवी माहिती त्यात चढवायची आणि त्यावरून अधिकृत प्रती काढायच्या. वाटाड्या नाविकांची तिथे परीक्षा होई, आणि १५०८ मध्ये पहिला मुख्य परीक्षक नेमला गेला तो आमेरिगो व्हेस्पुची. व्यवस्था म्हणून ही कौतुकाचीच. समुद्रावरची माहिती एका टेबलावर आणून ताडून पाहण्याची सवय तिनं लावली. पण तो नकाशा बाहेरच्यांना बघायची सोय नव्हती. लिस्बनलाही तीच तऱ्हा. १५०२ मध्ये फेराराच्या ड्यूकचा हस्तक आल्बेर्तो कांतीनो यानं पोर्तुगीज नकाशाची प्रत बारा सोन्याच्या दुकातांना गुपचूप करवून इटलीत नेली. भारताचा किनारा बऱ्यापैकी ओळखू येईल असा काढलेला हा सुरुवातीच्या युरोपीय नकाशांपैकी एक. १८५९ च्या दंगलीत तो मोदेनाच्या राजवाड्यातून नाहीसा झाला आणि पुढे त्याच गावातल्या एका खाटकाच्या दुकानात सापडला. लिस्बनमधल्या मूळ प्रतींचा मात्र पत्ता नाही. चोरी झाली म्हणून नकाशा वाचला.

दुसऱ्या फिलिपनं १५७० मध्ये वैद्य फ्रान्सिस्को एर्नान्देस याला मेक्सिकोत पाठवलं. सात वर्षांत त्यानं तिथल्या वैद्यांना विचारून, तिथल्याच चित्रकारांकडून चित्रं काढून घेऊन तीन हजारांवर वनस्पतींची माहिती जमवली, तीही त्यांच्या नाव्हात्ल भाषेतल्या नावांसकट. सोळा खंड राजाकडे पोचले. राजानं ते एस्कोरियालच्या ग्रंथालयात ठेवले आणि छापले मात्र नाहीत. एका इटालियन वैद्याकडून त्यांचा संक्षेप करून घेतला. १६७१ मध्ये एस्कोरियालला आग लागली आणि मूळ खंड जळाले. संक्षेपाची प्रत रोममध्ये खाजगी हातांत गेली होती, ती १६५१ मध्येच तिकडे छापून झाली होती, म्हणून आज काही शिल्लक आहे. राजानं खर्च केला नाही असं कोण म्हणेल? तिजोरीतून पैसा सुटला, ग्रंथ मात्र सुटले नाहीत.

आता जरा आपल्या किनाऱ्याकडे. पोर्तुगीज दर्यावर्दी झुआंव द काश्त्रु १५३८ मध्ये लिस्बनहून गोव्याला यायला निघाला तो जहाजावर होकायंत्राची परीक्षा घेतच. चुंबकसूई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे मोजलं की आपण पूर्व-पश्चिम किती अंतरावर आहोत ते कळतं, असा तेव्हाचा समज होता. काश्त्रुनं वाटेत पुन्हापुन्हा मोजून दाखवलं की तसं काही जुळत नाही. डिसेंबरात वसई परिसरात सूई विचित्र वागू लागली, तेव्हा त्यानं जवळच्या खडकांवर बोट ठेवलं. कोकणच्या काळ्या पाषाणात लोहखनिज असतं, त्यामुळे त्याचं बोट बरोबर जागी पडलं होतं. घारापुरी आणि कान्हेरीची लेणीही त्यानं टिपून ठेवली. हाच माणूस पुढे गोव्याचा व्हाइसरॉय झाला; राजाची मर्जी यापेक्षा जास्त ती काय असायची? त्याचं लिस्बन-गोवा प्रवासाचं टिपण छापलं गेलं १८८२ मध्ये आणि गोवा-दीव टिपण १८४३ मध्ये. तीनशे वर्षं हस्तलिखितात. तोवर इतरांना ते शोध पुन्हा लावावे लागले.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताला निदान छापखाना लाभला. मुंबई बेट त्याच्याकडे खंडानं होतं. त्याचा भारतीय औषधींवरचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. चारच वर्षांत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला काढला आणि युरोपातल्या वैद्यांनी तोच वाचला. इकडे पोर्तुगीज राजसत्तेच्या पाठबळावर १५६० मध्ये आलेलं इन्क्विझिशन आपलं काम करत होतं. ओर्ता मूळ ज्यू घराण्यातला. १५६८ मध्ये तो वारला, पुढल्या वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. 'राजाश्रय' शब्द उच्चारताना ही बाजूही हिशेबात धरावी.

कुलूप अखेर फुटलं तेही गोव्यातूनच. यान व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ पासून गोव्याच्या आर्चबिशपचा चिटणीस होता. हाती येतील ती पोर्तुगीज सागरी टिपणं त्यानं उतरवून घेतली आणि १५९५-९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापली. डचांच्या पूर्वेकडच्या सफरींना मार्ग मिळाला तो अशा टिपणांतून. डचांना तेव्हा राजा नव्हता. स्पेनच्या राजाविरुद्ध त्यांचं बंड चालू होतं. त्यांची व्यापारी कंपनी आपले नकाशे तितक्याच घट्ट मुठीत धरणारी होती, हेही सांगायला हवं, नाहीतर मी राजांच्या जागी व्यापाऱ्यांना मखरात बसवतोय असं वाटेल.

उरला इंग्लंडचा दाखला, आमच्या वक्त्यांचा सर्वांत आवडता. चार्ल्सनं रॉयल सोसायटीला सनद दिली, राजदंड दिला, पैसा दिला नाही. हवेचं वजन करण्यात वेळ घालवतात म्हणून तो त्यांना हसत असे. सोसायटीचा चिटणीस ओल्डेनबर्ग परदेशी पत्रव्यवहार करतो म्हणून १६६७ मध्ये त्याच चार्ल्सच्या राज्यात लंडनच्या टॉवरमधल्या तुरुंगात गेला, आणि सोसायटीचा जीव तर त्या पत्रव्यवहारातच होता. ग्रिनिचची वेधशाळा पाचशे वीस पौंडांत उभी राहिली, तेही खराब झालेली बंदुकीची दारू विकून. तिथला खगोलज्ञ फ्लॅमस्टीड याला पगार वर्षाला शंभर पौंड. उपकरणं त्यानं स्वतःच्या आणि मित्रांच्या पैशांतून उभी केली. म्हणून तो म्हणे, वेध माझे. न्यूटन आणि हॅली यांना ते हवे होते. त्यांनी दरबारची ताकद वापरली आणि १७१२ मध्ये फ्लॅमस्टीडच्या संमतीवाचून ग्रंथ काढला. छापलेल्या चारशेपैकी हाती लागलेल्या तीनशे प्रती म्हाताऱ्यानं पुढे जाळून टाकल्या. त्याच्या मनासारखा ग्रंथ १७२५ मध्ये निघाला, त्याच्या मागे, विधवा पत्नीच्या खटपटीनं. फ्लॅमस्टीड कुरकुऱ्या होता, वेध दाबून ठेवत होता, हे मान्य. पण सरकारी हुकमानं ओढून काढलेलं पुस्तक त्याला चुकांनी भरलेलं दिसलं, आणि ते जाहीरपणे नाकारण्याची, दुसरं छापून काढण्याची मोकळीक त्याला होती. ट्यूको देश बदलू शकला, क्लुसियस ओर्ताला दुसऱ्या राज्यात छापू शकला, फ्लॅमस्टीड न्यूटनला उलटून बोलू शकला. माझ्या मते युरोपाचं सामर्थ्य इथे आहे: राजे पुष्कळ होते, एकमेकांचे वैरी होते, आणि छापखाने त्यांच्यामधल्या फटींत बसले होते. राजांनी खरोखर दिलं ते दीर्घकाळ चालणाऱ्या नोंदींचा खर्च आणि काही ठिकाणी छापण्याची सनद; रॉयल सोसायटीला सनदेनं तो हक्क मिळाला होता, तो मला राजदंडापेक्षा मोलाचा वाटतो.

आता तो सुस्कारा. आपल्याकडे असा राजा झालाच नाही, हे कुणी सांगितलं? सवाई जयसिंगानं दिल्ली, जयपूर, उज्जैन, काशी आणि मथुरा अशा पाच वेधशाळा बांधल्या. स्वतः वेध घेतले, मूळचे महाराष्ट्रातले मानले जाणारे जगन्नाथ सम्राट यांच्याकडून युक्लिड आणि टॉलेमी संस्कृतात आणवले. पोर्तुगालला माणसं पाठवून पॅरिसच्या दला हीर या खगोलज्ञाच्या सारण्या मागवल्या आणि आपल्या वेधांशी ताडून पाहिल्या. त्या सारण्यांत चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची चूक निघाली. ह्वेनवरच्या आठ कलांच्या जवळजवळ चौपट. आश्रय पुरेपूर, विद्वत्ता पुरेपूर. पण ही चूक त्याच्या फारसी ग्रंथाच्या प्रस्तावनेत हस्तलिखितातच राहिली. ती पॅरिसला जाऊन दला हीरच्या शिष्यांच्या तोंडावर कुणी मारली नाही. १७४३ मध्ये जयसिंग वारला आणि वेधशाळा ओस पडल्या. ती प्रस्तावना अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'मध्ये कंपनी सरकारच्या एका डॉक्टरानं इंग्रजीत छापली. तोवर युरोपात टोबियास मायरच्या चंद्रसारण्या येऊन चाळीसेक वर्षं झाली होती, आणि दला हीर कुणी उघडतही नव्हतं.