राइटर अटकला, म्हणजे राइटरच खराब?

आपल्या हॉस्टेलात एक सवय पक्की आहे. बॅकअप घेताना डीव्हीडी राइटर अटकला की निकाल ठरलेला, "राइटर गेला बे, नवीन आण!" खोलीतला फॅन बंद पडला तर आपण आधी बटण बघतो, मग वायर, मग कंडेन्सर. राइटरच्या नशिबी मात्र ही चौकशी नाही. माझं स्पष्ट मत आहे, की बॅकअपच्या वेळी अटकणारा राइटर बरेचदा दुसऱ्याच्या बिघाडाची शिक्षा भोगत असतो.

कसं ते पहा. डिस्क राइट होताना हार्ड डिस्ककडून डेटा एकसारखा यावा लागतो. हार्ड डिस्कवर बॅड सेक्टर असला की ती तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायला बघते. राइटर बिचारा रिकामा बफर घेऊन वाट पाहतो. लाइट लुकलुकत राहतो, माउस हलत नाही, आणि शिव्या खातो राइटर!

यंदा आमच्या विभागात जुन्या लॅबमधलं एक ८० जीबीचं मशीन भंगारात काढण्याआधी रिकामं करायचं ठरलं. आत जुन्या बॅचेसचे प्रोजेक्ट रिपोर्ट आणि गॅदरिंगचे फोटो. दुसरी प्रत कुठंच नाही. कपाटात ठेवायला, नंतर कोणी फेरफार करू नये म्हणून, डीव्हीडीच हव्या होत्या. ४.७ जीबीच्या हिशेबाने १८ डिस्क. तिसरी डिस्क दोनदा एकाच ठिकाणी अटकली. दुसरा राइटर लावला, तोही तिथंच. "काऊन बे, दोन्ही राइटर एकाच दिवशी मेले का?" असं एकाने विचारलं आणि सगळ्यांचे डोळे उघडले. तोच फोल्डर नुसता पेन ड्राइव्हवर कॉपी करून पाहिला. कॉपी त्याच फाइलवर थबकली. राइटरचा संबंधच नव्हता, हार्ड डिस्क मरणपंथाला लागली होती! मग ती काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि लिनक्समधल्या डीडीरेस्क्यूने उपसली. हा प्रोग्राम चांगला भाग आधी उचलतो, अडणारा भाग शेवटी ठेवतो. काही फोटो गेले, रिपोर्ट सगळे वाचले. नवीन राइटर आणून आणखी दहा प्रयत्न केले असते, तर कदाचित तेही गेले असते.

कारण दरवेळी हेच असेल असं नाही. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी हार्ड डिस्कचा स्मार्ट रिपोर्ट बघा. पेंडिंग सेक्टर शून्याच्या वर असतील तर बाकी सगळं सोडून डेटा वाचवा. ती ठीक असेल तर दुसऱ्या कंपनीची कोरी डिस्क घ्या, १६एक्सऐवजी ८एक्सवर राइट करा. जुन्या आयडीई मशीनवर केबल बदला. वाचताना सहा चुका साठल्या की विंडोज एक्सपी डीएमए सोडून पीआयओ मोडवर उतरायची, मग सगळा भार प्रोसेसरवर. डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल काढून मशीन रिस्टार्ट केलं की गाडी बरेचदा रुळावर यायची. लॅपटॉपला बाहेरून राइटर लावत असाल तर हब काढा. यूएसबी २.० च्या पोर्टमधून ५०० मिलीअँपिअरच मिळतात, राइटरची भूक कधी कधी त्याहून मोठी असते. आणि वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर असताना, भर दुपारी सलग पाच डिस्क राइट करू नका. मशीनलाही जीव असतो म्हणा ना!

कोणी म्हणेल, आता डीव्हीडी वापरतं कोण? बरोबर आहे. ५०० जीबीच्या लॅपटॉपला १०७ डिस्क लागतील, आणि सोनीनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये राइट करता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. पण सवय तीच राहिली आहे. एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी अटकली तरी आपण केबल ओढतो आणि पुन्हा तेच करतो.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस लावलं, तेव्हा देखभालीचा खर्च मर्यादेत राहावा अशीही अट होती. आपल्या वर्ध्यातलं मगन संग्रहालय १९३८ पासून अशाच, गावात वापरता येणाऱ्या तंत्राची आठवण देत उभं आहे. त्याच गावात शिकणाऱ्या भावी इंजिनिअरांनी बिघाड न शोधता वस्तू फेकावी, हे काही शोभत नाही.

मित्रांनो, आणि विभागातल्या सरांनाही विनंती, "राइट पूर्ण झालं" हा मेसेज म्हणजे बॅकअप नव्हे. दुसऱ्या मशीनवर डिस्क उघडा, चेकसम जुळवा, दोन फाइली वाचून पहा. कपाटात जुन्या सीडी असतील तर याच सेमिस्टरला तपासा. त्या वाचणारे ड्राइव्ह आता लॅबमध्ये हाताच्या बोटावर मोजण्याइतकेच उरले आहेत.